चिऱ्यांच्या वाटेने : साताऱ्याहून गोव्यात पाच दिवस

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, चाळीस वर्षे साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत गवंडीकाम केले. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर त्यांनी थापी खाली ठेवली, परंतु कोणत्याही इमारतीसमोर उभे राहिले की एक डोळा मिटून ओळंबा धरल्यासारखी ती न्याहाळण्याची त्यांची सवय सुटलेली नाही. मी शाळेत मराठी शिकवते. जुन्या मराठीतील एक महत्त्वाचा ग्रंथ जिथे छापला गेला, ते गोव्यातील राशोल पाहण्याची इच्छा माझ्या मनात कित्येक वर्षे होती. आबांची इच्छा निराळी होती. जांभ्यासारख्या भोकांच्या दगडात चारशे वर्षांपूर्वी तीन-तीन मजले उंच चर्च कशी उभी केली, हे त्यांना प्रत्यक्ष हात लावून पाहायचे होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझे पती आणि आबा असे तिघे गाडीने निघालो, आणि ज्या क्रमाने दिवस गेले त्याच क्रमाने ते येथे लिहीत आहे.

पहिला दिवस, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार असल्याने पहाटे चार वाजता घट मांडून पूजा केली, पोथी वाचली आणि उपवासाचे थोडे सामान व कंदी पेढ्यांचे दोन डबे घेऊन आम्ही बाहेर पडलो. कोल्हापूर, निपाणी, आजरा आणि आंबोली हा आमचा मार्ग होता. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेली बोचरी थंडी आजऱ्यापर्यंत टिकली. आंबोलीत उन्हाला ऊब आली, आणि घाट उतरून सावंतवाडीला पोहोचेपर्यंत अंगातील स्वेटर काढावे लागले.

घाटाखाली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल चिऱ्यांचे गडगे सुरू झाले आणि आबा सावरून बसले. जांभा आम्हाला परका नाही. कासचे पठार म्हणजे काळ्या कातळावर बसलेली जांभ्याची जाड टोपीच आहे, आणि पाचगणीचे टेबललँडही तसेच. मात्र आमच्याकडे घर बांधायचे तर काळा पाषाण घडवतात. घाटाखाली चिरेखाणीतून सरळ विटेसारखे चौकोनी चिरे कापून काढतात. खाणीतून निघताना जांभा ओलसर आणि मऊ असतो, हवा लागली की तो कडक होत जातो. हे आबांनी वाटेत सांगितले आणि पुढचे चार दिवस मला ते पावलोपावली उपयोगी पडले.

पणजीत पोहोचल्यावर एक अडचण आली. एका संकेतस्थळावरून महिनाभर आधी राखून ठेवलेली खोली दुसऱ्या कुटुंबाला दिली गेली होती. पणजीच्या चर्चच्या ८ डिसेंबरच्या उत्सवामुळे शहरात गर्दी होती आणि तासभर फिरूनही जागा मिळेना. अखेर फोंतेन्यस भागातील एका जुन्या घरात वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. या काळात येणाऱ्यांनी आदल्या दिवशी स्वतः दूरध्वनी करून खोलीची खात्री करून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन.

ते घर ज्यांचे होते त्या सत्तरीच्या ख्रिस्ती बाई कोकणीत बोलत आणि आम्ही मराठीत बोलत होतो. दोन-चार वाक्यांनंतर कोणालाच अडखळायला झाले नाही. माझा उपवास आहे हे कळताच त्यांनी फार विचारपूस केली नाही. ईस्टरच्या आधी त्या स्वतःही चाळीस दिवस नेम पाळतात, असे त्या म्हणाल्या, आणि उपवास सोडायला त्यांनी अळसांद्यांचे तोणाक केले. ओल्या खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणातील ती चवळीसारखी भाजी आणि सोबत कोंड्याची पोई, असा माझा त्या गुरुवारचा उपवास एका ख्रिस्ती घरात सुटला. मी त्यांच्या हातावर कंदी पेढा ठेवला तेव्हा त्यांनी तो आधी घरातील क्रुसासमोर ठेवला आणि मग खाल्ला.

दुसरा दिवस, शुक्रवार : जुने गोवे

सकाळी सहाच्या सुमारास गल्लीत रबरी भोंग्याचा आवाज आला. सायकलीच्या मागे मोठी टोपली बांधून पोदेर पाव विकायला आला होता. कडक कवचाचा गोल उंडो, कोंड्याची पोई आणि बांगडीच्या आकाराचे काकण यांपैकी आबांना काकण सर्वांत आवडले. ते चहात बुडवून खाताना त्यांनी सबंध गल्ली न्याहाळली. पिवळ्या आणि निळ्या रंगांची घरे, पुढे आलेले सज्जे आणि काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे बसवलेल्या काही जुन्या खिडक्या, अशी ती वस्ती आहे.

नऊच्या आत आम्ही जुन्या गोव्यात पोहोचलो. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे ३ डिसेंबरचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, दोनच दिवसांपूर्वी झाले होते. मांडव उतरवण्याचे काम चालू होते, खुर्च्यांचे ढीग रचलेले होते, आणि मागे राहिलेल्या एक-दोन दुकानांत खाजे विकले जात होते. त्या पसाऱ्यापलीकडे बॉम जीझस बॅसिलिकाची लालसर, उघड्या चिऱ्यांची दर्शनी भिंत सकाळच्या उन्हात उभी होती. तिचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ती उपासनेसाठी अर्पण झाली.

आबा बराच वेळ बाहेरच उभे राहिले. मग त्यांनी मला जवळ बोलावले आणि म्हणाले, "हे बघ बाळ, अंग सगळं जांभ्याचं आहे, पण जिथं नक्षी आहे तिथं दगड बदललाय." ते खरे होते. खांब, खिडक्यांभोवतीच्या चौकटी आणि वरच्या टोकाला कोरलेली येशू संघ या ख्रिस्ती धर्मसंघाची अक्षरे, हे सारे काम काळ्या बसाल्टमध्ये केलेले आहे. हा दगड वसईकडून समुद्रमार्गे आणला गेल्याचे सांगतात. जांभ्यात टाकी चालवली की त्याचे कण सुटतात, नाजूक नक्षी त्यात टिकत नाही. म्हणून भार जांभ्याने घ्यायचा आणि शोभा काळ्या पाषाणाने द्यायची, अशी ही वाटणी आहे. वास्तुशास्त्राच्या पुस्तकातील चार पाने वाचूनही हे मला इतके नेमके समजले नसते.

त्या भिंतीवरील खड्डे आणि पावसाळ्यात धरलेल्या शेवाळाचे काळे डाग आबांना अस्वस्थ करीत होते. जांभ्याला चुन्याचा गिलावा हवाच, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पूर्वी या इमारतीला तसा गिलावा होताच. १९५० च्या दशकात, इमारत प्राचीन दिसावी म्हणून, तो काढून टाकण्यात आला. गोव्याच्या पावसाने उघडा दगड झिजतो आहे, म्हणून गिलावा परत द्यावा, असे म्हणणारे आज बरेच आहेत. माझे मत विचाराल तर मी आबांच्या बाजूने आहे. लाल भिंतीचे छायाचित्र सुंदर येते हे मान्य, पण बांधणाऱ्यांनी ती लाल दिसण्यासाठी बांधली नव्हती.

आत जाताना आबांनी चपला दाराबाहेर काढल्या. तसे करण्याची गरज नाही, असे तेथील माणसाने सांगितले, परंतु ते अनवाणीच गेले. उजव्या बाजूच्या दालनात उंच चौथऱ्यावर झेवियर यांची चांदीची पेटी आहे. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर त्यांचे निधन झाले आणि १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला गेला. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांनी पाठवला. फ्लोरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो येथे बसवला गेला. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्या कारागिरांची आहे. इटलीच्या संगमरवरावर गोव्याच्या सोनारांचे काम चढलेले पाहून आबांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते मी विसरणार नाही.

साताऱ्याच्या माणसाला त्या पेटीपुढे आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांनी फोंड्याचा वेढा उठवायला लावून थेट जुन्या गोव्याच्या उंबरठ्यावरचे जुवें बेट घेतले, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने याच झेवियर यांच्या देहापाशी आपला अधिकारदंड ठेवून शहराच्या रक्षणासाठी प्रार्थना केली होती. पुढे मुघलांच्या फौजा कोकणात उतरल्यामुळे महाराजांना मागे वळावे लागले. इतिहासाच्या तासाला ही हकिकत आम्ही एका बाजूने शिकतो. त्या दालनात, पुढे गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या एका कोकणी आजीच्या पाठीमागे उभी असताना, मला प्रथमच तटाच्या आतील माणसांचे भय जाणवले.

रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल हे आशियातील सर्वांत मोठ्या चर्चांपैकी एक आहे. १५६२ मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम १६१९ मध्ये पूर्ण झाले. २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे संत कॅथरीनच्या दिवशी, पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा जिंकले, म्हणून ते त्या संतिणीला वाहिलेले आहे. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातील सर्वांत मोठी घंटा आहे. येथील भिंती पांढऱ्याशुभ्र गिलाव्याच्या आहेत. आत शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो इतकी ती जागा प्रशस्त आहे, आणि वेदीमागील सोनेरी फलकांवर संत कॅथरीनच्या आयुष्यातील प्रसंग कोरलेले आहेत.

याच परिसरात कधीकाळी धर्मन्यायालयाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, वाडा होता. ते १५६० मध्ये स्थापन झाले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. त्या वाड्याचे आता काही उरलेले नाही. वेदीपुढील सौंदर्य आणि त्या अडीचशे वर्षांचा छळ या दोन्ही गोष्टी मनात एकाच वेळी होत्या, आणि एकीला जागा देण्यासाठी दुसरीला बाहेर ठेवावे, असे मला योग्य वाटले नाही.

सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये जमिनीवर पावलोपावली थडग्यांच्या कोरीव फरशा आहेत, त्यामुळे पाय जपून टाकावा लागतो. आबा मात्र दारातच थांबले होते. १६६१ मधील या इमारतीत तिच्या आधीच्या चर्चचा काळ्या दगडाचा दरवाजा जपून बसवलेला आहे. जुन्या इमारतीचा दरवाजा नव्या भिंतीत सांधणे हे नवी भिंत बांधण्याहून अवघड काम असते, असे ते म्हणाले. शेजारचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. ते आम्हाला तेथे गेल्यावर कळले, म्हणून जुन्या गोव्यासाठी शुक्रवार सोडून दुसरा दिवस निवडावा. चर्च पाहण्यासाठी तिकीट नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत, प्रार्थना चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबावे, आणि अकराच्या पुढे ऊन तापते म्हणून टोपी व पाणी जवळ ठेवावे.

दुपारी साध्या खानावळीत शीत-कडी आणि तळलेला बांगडा जेवून उन्हे कलल्यावर आम्ही टेकडीवरील सेंट ऑगस्टीनच्या भग्नावशेषांकडे गेलो. बहुतेक पर्यटक बॅसिलिका पाहून परततात आणि ही जागा राहून जाते. माझ्या मते जुन्या गोव्यातील सर्वांत बोलकी जागा हीच आहे. १६०२ मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चला ४६ मीटर उंचीचा मनोरा होता. १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आल्यावर ते ओस पडले, १८४२ मध्ये कमानदार छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज उरलेला अर्धा मनोरा उभा चिरल्यासारखा आकाशात दिसतो. भिंतीचे पोट उघडे पडल्यामुळे आतील चिऱ्यांचे थर मोजता येतात. आबा एका पडक्या चौथऱ्याच्या काठावर बसले आणि सांधमोड कशी दिली आहे, म्हणजे वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देता चिरे कसे रचले आहेत, चुना कुठे भरपूर आहे आणि कुठे कमी पडला, हे मला बोटाने दाखवत राहिले. आयुष्यभर बांधकाम केलेल्या माणसाला पडलेली इमारत किती गोष्टी सांगते, हे मी तेव्हा पाहिले.

जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष याच जागी ठेवले गेले होते, अशी जुन्या कागदपत्रांत नोंद होती. इराणात १६२४ मध्ये धर्मांतर नाकारल्याबद्दल तिला मारण्यात आले, आणि ऑगस्टीन पंथाच्या पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. २००५ मध्ये उत्खननात ते सापडले आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला सुपूर्द केले. धर्मासाठी छळ सोसलेल्या राणीचे अवशेष त्याच गोव्यात चार शतके विसावले, जिथे धर्मासाठी इतरांचा छळ झाला. सूर्य मांडवीकडे उतरेपर्यंत आम्ही तेथे बसून होतो.

तिसरा दिवस, शनिवार : दिवाड आणि नार्वे

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाड बेट लागते. पायी जाणाऱ्यांना भाडे पडत नाही, गाडीसाठी थोडे शुल्क आहे. बोटीत दोन कोळणी, शाळेची मुले, एक पाद्री आणि कोंबड्यांचा खुराडा घेतलेला शेतकरी असे सगळे दाटीने उभे होते. पाद्रीबाबांनी आबांना रेलिंगपाशी जागा करून दिली आणि आम्ही साताऱ्याचे आहोत हे समजताच म्हणाले, "मग तुम्ही नार्व्याला जायलाच हवं."

आम्ही तिकडेच निघालो होतो. दिवाड हे गोव्यावर पूर्वी राज्य केलेल्या कदंब घराण्याचे कुलदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले आणि लिंग नदीपलीकडे, डिचोली महालातील नार्व्याला हलवले गेले. बेटाच्या टेकडीवर पिएदादचे पांढरे चर्च आहे. तेथून भातखाचरे, खारफुटी आणि दूरवर जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत दिसतात. चर्चच्या शेजारील कबरस्तानातील लहान प्रार्थनाघरात कदंबकालीन देवळाचा कोरीव भाग अजून पाहायला मिळतो. आबांनी छताकडे पाहून लगेच ओळखले, "हे देवळाचं काम आहे." त्यांनी तिथे हात जोडले. कबरींवर ताजी झेंडूची फुले वाहिलेली होती.

दिवाडच्या दुसऱ्या टोकावरून आणखी एक फेरीबोट नार्व्याला जाते. तिथे आंब्या-फणसांच्या गर्द सावलीत सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याच्या जीर्णोद्धारास आरंभ केला, आणि दारावरील शिलालेखात शके १५९० चा कार्तिक मास व 'शिवराज्ञा' हा शब्द आहे. अलीकडेच राज्य शासनाने देवळाचे पुन्हा जतनकाम केले आणि २०२३ मध्ये ते खुले झाले. गाभाऱ्यातील लिंग कडा असलेले धारालिंग आहे.

शिलालेखापुढे माझा कंठ दाटून आला. साताऱ्यात महाराजांच्या घराण्याच्या खुणा पदोपदी भेटतात, त्यामुळे त्यांची सवय झालेली असते. नदीचे दोन प्रवाह ओलांडून, वेगळ्या हवेत, नारळीच्या झावळ्यांखाली ती अक्षरे अचानक समोर आली, तेव्हा किती दूरचे दुःख त्या राजाने आपले मानले होते, याची जाणीव झाली. हे देऊळही जांभ्याचेच आहे. नदीच्या अलीकडे जे पाडले गेले आणि पलीकडे जे उभारले गेले, दोन्हींत एकाच जमिनीतून निघालेले चिरे आहेत, आणि ते रचणारे हातही बहुधा एकाच जातकुळीचे गवंडी असतील.

परतीच्या बोटीसाठी आम्हाला पाऊण तास थांबावे लागले. धक्क्यावरच्या टपरीत मिरचीची भजी आणि पाव मिळाला, सोबत सोलकढी होती. संध्याकाळी फेऱ्यांमधील अंतर वाढते, म्हणून उजेड असेपर्यंत परत फिरावे.

चौथा दिवस, रविवार : राशोल आणि कवळे

राशोलला पोहोचलो तेव्हा सकाळची प्रार्थना चालू होती. आम्ही मागच्या बाजूला उभे राहिलो. व्हायोलिनच्या साथीने कोकणी गाणी चालली होती. शब्द ओळखीचे होते, चाल अनोळखी होती. एका मुलीने आपली गीतपुस्तिका मला दिली. ती रोमी, म्हणजे रोमन, लिपीत होती, पण मनात वाचू लागताच ओळी देवनागरीत उमटू लागल्या.

प्रार्थनेनंतर परवानगी घेऊन एका तरुण विद्यार्थी-पाद्र्याने आम्हाला थोडा परिसर दाखवला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले, दक्षिण गोव्यातील साष्टीत चाळीस वर्षे राहिले आणि त्यांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीछंदात लिहिले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये येथे राशोलला छापले गेले. भारतातील पहिला छापखाना त्याआधी १५५६ मध्ये जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात आला होता. क्रिस्तपुराण छापले ते रोमी लिपीत, परंतु त्यातली मराठी ज्ञानेश्वरांच्या ओवीच्या वळणाची आहे, आणि मराठीची थोरवी तिथे रत्नांच्या उपमा देऊन गायिली आहे. वर्गात मी ती ओवी दरवर्षी शिकवते. ज्या आवारात ती प्रथम कागदावर उमटली तिथे उभे राहून मी ती मोठ्याने म्हटली. त्या तरुणालाही ती पाठ होती, आणि शेवटचा चरण आम्ही दोघांनी एकत्र म्हटला.

देवळे पाडणाऱ्या सत्तेच्याच छायेत, परदेशातून आलेल्या एका माणसाला आपली भाषा इतकी प्रिय व्हावी, ही गोष्ट मला या प्रवासात सर्वांत अधिक विचार करायला लावणारी वाटली.

दुपारी फोंड्याकडे वळलो. साष्टी आणि तिसवाडीतील देव लोकांनी रातोरात हलवले, तेव्हा हा मुलूख आदिलशाहीत होता आणि पोर्तुगीजांच्या हाताबाहेर होता. १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून मंगेश आला तो प्रियोळला, केळोशीहून शांतादुर्गा आली ती कवळ्याला. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमारास पूर्ण झाले, आणि महाराजांनी कवळे गाव देवीला इनाम दिले. साताऱ्याच्या गादीवरून निघालेला शब्द घाट उतरून येथे पोहोचला आणि त्याचे देऊळ झाले, हे आबांना मी सांगितले तेव्हा त्यांनी देवीपुढे कंदी पेढ्यांचा दुसरा डबा ठेवला. पुजाऱ्यांनी सातारा ऐकून मुद्दाम विचारले, "शाहू महाराजांच्या साताऱ्याचे का?"

बाहेर आल्यावर आबांनी तळीच्या पायऱ्यांवर बसून देऊळ नीट पाहिले. अष्टकोनी पायावर बसलेला घुमट, कमानदार खिडक्या, कठड्यांचे गोलसर खांब. "घुमट आणि खिडक्या चर्चच्या आहेत, दीपमाळ आपली आहे," असे त्यांनी सांगितले. ज्या गवंड्यांनी आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी नदीपलीकडे पाद्र्यांसाठी काम केले, त्यांनी तिथे शिकलेली रीत येथे देवीसाठी वापरली असावी, असा त्यांचा तर्क होता. मला तो पटतो. केवळ चर्च पाहून फोंड्याला न जाणारा प्रवासी अर्धाच गोवा पाहून परततो. मंगेशी आणि कवळे ही दोन्ही देवळे एका दुपारी सहज होतात, मात्र रविवारी गर्दी असते, म्हणून शक्य असल्यास दुसरा वार धरावा.

पाचवा दिवस, सोमवार : पणजी

८ डिसेंबर, पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चचे फेस्त. सकाळी निघण्यापूर्वी घरमालकीणबाई आम्हाला फोंतेन्यसमधील सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या प्रार्थनाघरात घेऊन गेल्या. तिथला क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. त्यावरील येशूची मान खाली झुकलेली नाही आणि डोळे उघडे आहेत. ज्यांना त्याच्यासमोर उभे केले जाई त्यांनी काय पाहिले असेल, हा विचार मनातून जात नव्हता. बाईंनी मेणबत्ती लावली आणि हळू आवाजात म्हणाल्या की त्यांच्या आजीचे आजे देवळातले पुजारी होते, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्यावर आम्ही कोणीच काही बोललो नाही. निरोप घेताना त्यांनी आबांच्या हातात दोदोलची वडी ठेवली, आणि आबांनी त्यांच्याच शब्दांत आभार मानले, "देव बरें करूं."

चर्चसमोरच्या चौकात जत्रा भरली होती. फुगे, मेणबत्त्या, लाकडी फर्निचर आणि आले-गुळाच्या पाकातील खाज्यांचे ढीग मांडलेले होते. १५४१ मध्ये येथे प्रार्थनाघर उभारले गेले आणि १६१९ मध्ये त्याच्या जागी चर्च बांधले गेले. नागमोडी चढत जाणारा पांढरा जिना त्या दिवशी माणसांनी भरून गेला होता. हिंदू बायकाही फुले घेऊन चढत होत्या. आबांचे गुडघे पाहता आम्ही खालीच एका दुकानाच्या कट्ट्यावर जागा धरली आणि खाज्यांचा पुडा सोडला.

इतक्यात घंटा वाजू लागली. मी आबांना सांगितले की ही घंटा मूळची इथली नाही. शुक्रवारी आपण ज्या चिरलेल्या मनोऱ्याखाली बसलो होतो, त्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली ती आहे, आणि १८७१ मध्ये ती इथे बसवली गेली. आबांनी हातातले खाजे पुड्यात परत ठेवले, एक डोळा मिटला आणि अंगठा समोर धरून घंटाघराची उंची मापली. घंटेचे ठोके थांबेपर्यंत ते तसेच वर पाहत होते.

"छेचाळीस मीटरवरून ही खाली उतरवली," ते म्हणाले, "आणि तडा जाऊ दिला नाही. परांची कशी बांधली असेल गं त्या लोकांनी?"